फोनवरचा एडिटर : आधी फाइल सांभाळा, मग कोड लिहा

संगणकशास्त्राला प्रवेश मिळालाय, पण लॅपटॉप अजून घरात यायचाय. दुकानाचं वेबपान कुणीतरी करून दिलं होतं, त्यातला फोन नंबर आता बदलायचाय. कुणी पाठवलेली यादी उघडली, तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतायत. अशा वेळी हाताशी असतो तो फोन, आणि मग शोध सुरू होतो ‘सगळ्यात चांगला कोड एडिटर कोणता’ याचा.

खरं तर हा प्रश्न नंतरचा. कोडचे रंग, ओळींचे क्रमांक, शोधा-बदला या सोयी आज बहुतेक एडिटरांत मिळतात. फोनवर काम अडतं ते तीन वेगळ्याच ठिकाणी. फाइल नेमकी कुठे साठली ते कळत नाही. कीबोर्ड आपल्याला न विचारता मजकूर बदलतो. आणि ॲप मध्येच बंद झालं की कालची धड चालणारी प्रत सापडत नाही. या तीन जागा नीट माहीत झाल्या, की कुठल्याही एडिटरवर हात बसतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काम डोळ्यांसमोर ठेवू : गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं एकपानी संकेतस्थळ. एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस फाइल, दोन-तीन फोटो आणि पुस्तकांची यादी असलेली सीएसव्ही फाइल. एवढा पसारा साध्या फोनवर सहज पेलतो.

कोणत्या कामाला कोणतं ॲप

अँड्रॉइडवर वेबपानासाठी ‘एकोड’ किंवा ‘स्पक एडिटर’ घ्या. एकोड मुक्तस्रोत आहे, पान आतल्या आत चालवून दाखवतो आणि एफटीपी किंवा एसएफटीपीने थेट सर्व्हरवरची फाइलही उघडतो. स्पकमध्ये गिटची, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, सोय अंगचीच आहे. नुसता मजकूर वाचायचा, सुधारायचा असेल तर ‘क्विकएडिट’ हलका पडतो. टिपणं आणि मार्कडाउनसाठी ‘मार्कोर’ चांगला. पायथन शिकायचं असेल तर ‘पायड्रॉइड ३’ घ्या. तो इंटरनेटशिवायही प्रोग्राम चालवतो.

‘टर्मक्स’ हे प्रकरण जरा निराळं. तो एडिटर नाही, फोनमधलं छोटं लिनक्सच म्हणा. त्यात नॅनो, व्हिम, गिट, पायथन हवं ते बसवता येतं. तो एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारातून घ्या आणि त्याची जोड-ॲप्सही तिथूनच घ्या. एक इथून आणि दुसरं तिथून घेतलं तर त्यांच्या सह्या जुळत नाहीत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, हे ठाऊक नसल्यामुळे नॅनो हा एडिटर उघडून त्यात अडकून पडणारे पुष्कळ असतात.

आयफोन-आयपॅडवर ‘टेक्सटॅस्टिक’ आणि ‘रनस्टोन’ हे नावाजलेले एडिटर आहेत. गिटसाठी त्यांच्या जोडीला ‘वर्किंग कॉपी’ आणि कमांड चालवायला ‘ए-शेल’ घेता येतं.

यातलं कामापुरतं एक निवडा आणि पुढे चला.

फाइल राहते कुठे?

संगणकावर डी ड्राइव्हमध्ये फोल्डर केलं की ते कुठल्याही प्रोग्रामला दिसतं. फोनवर तसं नाही. अँड्रॉइड १० पासून गूगलने ॲप्सचा मुक्त संचार आवरायला सुरुवात केली आणि ११ मध्ये नियम आणखी कडक झाले. प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली असते आणि बाहेरच्या फोल्डरसाठी तुमची परवानगी लागते. एडिटर जर त्या बंद खोलीत फाइल ठेवत असेल, तर ॲप काढून टाकताच फाइलही जाते. टर्मक्सचं मूळ फोल्डर असंच आत असतं. आयफोनवरही ‘ऑन माय आयफोन’खाली दिसणारं एडिटरचं फोल्डर ॲपबरोबरच पुसलं जातं.

म्हणून काम सुरू करण्याआधी फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये जा, ‘डॉक्युमेंट्स’च्या आत ‘वाचनालय’ या कामासाठी एक फोल्डर तयार करा आणि एडिटरमधून ‘ओपन फोल्डर’ने तेच उघडा. ‘डाउनलोड’ निवडायला गेलात तर अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनवर ते अख्खं फोल्डर देता येत नाही, बटण निकामीच दिसतं. ॲप बिघडलंय असं समजून लोक ते काढून टाकतात. प्रत्यक्षात ती यंत्रणेची मनाई असते. आयफोनवर हेच काम ‘फाइल्स’ ॲपमधून, आयक्लाउड ड्राइव्हमधलं फोल्डर निवडून करा.

फोल्डर आणि फाइलींची नावं इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये मोकळी जागा नाही, गरज पडली तर आडवी रेघ, असा नेम ठेवा. त्याला कारण आहे. अँड्रॉइड फोनच्या सामायिक साठ्यात लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोचं नाव मोठ्या अक्षरांत असेल आणि तुम्ही कोडमध्ये ते लहान अक्षरांत लिहिलं, तरी फोनवर फोटो बरोबर दिसतो. तेच पान लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं की फोटोच्या जागी रिकामी चौकट येते, कारण तिथे ही दोन नावं वेगळी. ‘माझ्या फोनवर तर दिसतंय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

दुसरा फसवा प्रकार शेपटीचा. काही ॲप्स नवी फाइल करताना तिला साधा मजकूर समजतात आणि एचटीएमएलच्या पुढे आणखी एक ‘डॉट टीएक्सटी’ लावून देतात. फाइल मॅनेजर ती शेपटी लपवत असेल तर नाव वरवर बरोबर दिसतं आणि ब्राउझर मात्र पान न दाखवता कोडच्या ओळी दाखवतो. असं झालं तर फाइलची माहिती उघडून पूर्ण नाव वाचा.

कीबोर्डचं शहाणपण आवरा

फोनचा कीबोर्ड गप्पांसाठी घडवलेला आहे. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं, चुकलेला शब्द दुरुस्त करणं, शब्दानंतर दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम देणं, हे सगळं गप्पांत उपयोगाचं आणि कोडमध्ये घातक. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट करेक्शन’खाली यातल्या बऱ्याच गोष्टी बंद करता येतात.

आयफोनवर ‘स्मार्ट पंक्चुएशन’ नावाची सोय आहे. ती सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते आणि लागोपाठच्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करते. पायथनला वळणदार चिन्हं चालत नाहीत, तो तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतो. एचटीएमएलमध्ये टीप लिहिताना दोन रेघा लागतात. त्यांची एक झाली की टीप टीप राहत नाही आणि पुढचं पान विस्कटतं. चांगले कोड एडिटर ही सोय स्वतःपुरती बंद ठेवतात, पण कोड नोट्समध्ये लिहून मग एडिटरमध्ये चिकटवला तर बिघाड बरोबर येतो. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या वाटेने जाऊन ती बंदच करून टाका.

व्हॉट्सॲपवरून कोड पाठवायची सवयही सोडलेली बरी. तिथे तारांकित शब्द ठळक होतो, खालच्या रेघांमधला तिरका होतो आणि मूळ चिन्हं वाचणाऱ्याला दिसतच नाहीत. कोड नेहमी डॉक्युमेंट म्हणून, फाइलच्या रूपात पाठवा.

कंस, तिरपी रेघ, अर्धविराम यांसाठी दर वेळी चिन्हांचं पान उघडावं लागणं हा फोनवरचा सगळ्यात मोठा वैताग. एकोडसारखे एडिटर कीबोर्डच्या वर चिन्हांची आणि टॅबची एक पट्टी देतात, ती आधी शोधून काढा. अँड्रॉइडवर ‘अनएक्सपेक्टेड कीबोर्ड’ हा मुक्तस्रोत कीबोर्डही आहे. त्यात बटणाच्या कोपऱ्याकडे बोट सरकवलं की चिन्ह उमटतं. सुरुवातीला हात चाचपडतो, पण एकदा सवय झाली की वेग येतो. कर्सर नेमक्या अक्षरावर न्यायला बोटाने टोचत बसू नका. जीबोर्डमध्ये स्पेसवर बोट आडवं सरकवा, आयफोनवर स्पेस दाबून धरा आणि मग सरकवा.

आणि टॅबचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या. सेटिंगमध्ये ‘टॅब म्हणजे चार स्पेस’ असं ठरवून टाका. पायथन एकाच ठोकळ्यात टॅब आणि स्पेसची सरमिसळ खपवून घेत नाही, आणि फोनच्या अरुंद पडद्यावर ही सरमिसळ डोळ्यांना कळत नाही. एडिटरमध्ये अदृश्य चिन्हं दाखवायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

मराठी मजकूर : दिसतं एक, असतं एक

परक्या भाषांतल्या मार्गदर्शनात जे सहसा सापडत नाही ते इथे जरा सविस्तर पाहू, कारण वाचनालयाचं पान मराठीत असणार आहे.

‘नमस्कार’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यात चार अक्षरं दिसतात. फाइलमध्ये मात्र न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात खुणा असतात आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणजे एकवीस बाइट झाले. हाच मजकूर एखाद्या ॲपने जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचला, तर तो एकेका बाइटचं एकेक अक्षर करतो आणि डोक्यावर तिरक्या रेघा असलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं यांची रांग दिसते. अशी रांग दिसली की घाबरू नका आणि मुख्य म्हणजे सेव्ह करू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. एडिटरच्या मेनूत ‘एन्कोडिंग’ शोधा आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा. चुकीच्या रूपात सेव्ह केली तर मात्र दुरुस्ती अवघड होऊन बसते.

हेच वेबपानात घडू नये म्हणून एचटीएमएलच्या शिरोभागात यूटीएफ-८ची मेटा ओळ अगदी वर ठेवा आणि भाषेच्या जागी मराठीचा दोन अक्षरी संकेत द्या. सीएसव्हीचं दुखणं एक्सेलमध्ये उपटतं. फोनवर नीट दिसणारी यादी ग्रंथपालांच्या संगणकावर दुहेरी क्लिकने उघडली की मराठीची माती होते, कारण फाइलच्या तोंडाशी ओळखीची खूण नसेल तर एक्सेल ती यूटीएफ-८ धरेलच असं नाही. त्यांना फाइल ‘डेटा’ मेनूतून आयात करायला आणि तिथे यूटीएफ-८ निवडायला सांगा.

एक अपवाद लक्षात ठेवा. एखाद्या जुन्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कालवा दिसतो आणि कुठलंही एन्कोडिंग निवडलं तरी तो बदलत नाही. ती फाइल बहुधा श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या सुरेखसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली असते. तिथे अक्षरं खरोखरच रोमन आहेत, मराठी रूप फक्त फॉन्टमुळे येत होतं. त्यासाठी त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, एडिटर काही करू शकत नाही.

आता शोधण्याची गोष्ट. यादीत ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला आणि तीनच जागी सापडला, पण डोळ्यांना पाच दिसतायत. हे कसं? त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, टिंबाचा ऱ, हलन्त आणि य, म्हणजे ‘दुसऱ्या’. दोन, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य, म्हणजे ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखे, एडिटरच्या लेखी वेगळे. वऱ्हाडातल्या ऱ्हचंही तेच. असाच घोळ ‘ॲ’चा. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे लोक, आणि अजूनही काही कीबोर्ड, अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ करतात. मग ॲगाथा ख्रिस्तीची अर्धी पुस्तकं एका शोधात येतात आणि उरलेली अर्धी दुसऱ्यात.

यावर उपाय सोपा आहे. शोधायचा शब्द टाइप करू नका, फाइलमधूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. जो प्रकार नको असेल तो ‘शोधा-बदला’ने एका दमात बदला आणि संपूर्ण यादीत एकच रूप ठेवा. त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवायला विसरू नका.

मराठी अंकांबाबतही सावध राहा. वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात ‘सकाळी ९ ते १२’ शोभून दिसतं. पण सीएसएसमध्ये अक्षराचा आकार १६ असा देवनागरीत लिहिला तर ब्राउझर ती ओळच सोडून देतो, तिथे 16 हवा. मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर यायचं राहून गेलं की हे हमखास होतं. पायथन ३ मध्ये चलाची नावं देवनागरीत ठेवता येतात, अंक मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतात.

शेवटची अडचण कर्सरची. कोड एडिटर सगळी अक्षरं सारख्या रुंदीची धरून चालतात, आणि देवनागरी त्या साच्यात बसत नाही. त्यामुळे लांब मराठी ओळीत कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी उमटतं. यावर व्यवहारी तोडगा म्हणजे ‘वर्ड रॅप’ चालू ठेवणं, मराठी परिच्छेद लहान ओळींत तोडणं आणि मोठा मजकूर आधी टिपणांच्या ॲपमध्ये लिहून मग चिकटवणं.

प्रत ठेवा, पण शिस्तीने

व्हिडिओ कॉल आला, कॅमेरा उघडला, की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप्स बंद करून मेमरी मोकळी करतो. परत आल्यावर एडिटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि न साठवलेला भाग गेलेला असू शकतो. ऑटोसेव्ह असेल तर चालू करा आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये एडिटरवरचे निर्बंध काढा.

मात्र ऑटोसेव्ह म्हणजे प्रत नव्हे, कारण तो तुमची चूकही तितक्याच तत्परतेने साठवतो. पान नीट चालतंय अशा प्रत्येक टप्प्यावर फोल्डरची तारखेसह नक्कल करा आणि ती फोनबाहेर, ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. दोन-तीन आठवडे हे केल्यावर कंटाळा येईल. गिट शिकायची वेळ झाली, असं तेव्हा समजा. मग प्रत्येक टप्प्याला एक ओळीची नोंद राहते आणि हव्या त्या टप्प्यावर मागे जाता येतं.

गिटचं काम इंटरनेटवर ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर ते चढवताना खात्याचा पासवर्ड चालत नाही. ऑगस्ट २०२१ पासून तिथे टोकन लागतो. तो वेबसाइटच्या सेटिंगमधून तयार करा, एकाच रिपॉझिटरीपुरता, म्हणजे एकाच प्रकल्पाच्या साठ्यापुरता, आणि ठरावीक मुदतीचा. हा टोकन कोडच्या फाइलमध्ये कधीही लिहू नका आणि त्याचा स्क्रीनशॉट मदतीच्या नावाखाली गटात टाकू नका.

पान चालवून पाहा आणि मगच चढवा

फाइल मॅनेजरमधून एचटीएमएल फाइलला टिचकी मारून ती ब्राउझरमध्ये उघडली तर मजकूर दिसतो, पण सीएसएस आणि फोटो अनेकदा दिसत नाहीत, कारण ब्राउझरला त्या एकाच फाइलची परवानगी मिळालेली असते. कोड चुकलाय असं समजून तो बदलत बसू नका. एडिटरचं स्वतःचं ‘रन’ किंवा ‘प्रिव्ह्यू’ बटण दाबा. ते अख्ख्या फोल्डरसाठी फोनमध्येच छोटा सर्व्हर चालवतं.

संकेतस्थळ फुकट ठेवायला गिटहब पेजेस पुरेसं आहे. मुख्य पानाचं नाव ‘इंडेक्स’ ठेवा, रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये ‘पेजेस’ चालू करा, थोड्या वेळात पान लागतं. फुकट खात्यावर त्यासाठी रिपॉझिटरी सार्वजनिक असावी लागते, म्हणून पुस्तकांची यादी चढवा, पण सभासदांचे फोन नंबर आणि थकलेल्या वर्गणीची यादी त्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. फाइल नंतर काढली तरी गिटच्या जुन्या नोंदींत ती कुणालाही सापडते.

फोन कुठे थांबतो

दुरुस्ती, छोटी पानं, पायथनचे सराव, सर्व्हरवरची एखादी तातडीची ओळ बदलणं, एवढ्यासाठी फोन उत्तम. डझनभर फाइलींचा प्रकल्प, चूक शोधण्यासाठी पायरीपायरीने प्रोग्राम चालवणं, दोन फाइली शेजारी ठेवून वाचणं, ही कामं फोनवर होतात, पण वेळ आणि डोळे दोन्ही खातात. अधूनमधून संगणक मिळत असेल तर ही कामं त्या दिवसासाठी राखून ठेवा. नुसता ओटीजी जोडणीने साधा यूएसबी कीबोर्ड लावला तरी फरक पडतो. पडदा पूर्ण मोकळा होतो, कंट्रोलची सगळी बटणं मिळतात आणि कीबोर्डचं आगाऊ शहाणपण बरंचसं गळून पडतं.

पहिल्या बैठकीत मोठं काही लिहू नका. फोल्डर करा, त्यात दोन ओळींचं मराठी पान लिहा, साठवा, एडिटर पूर्ण बंद करा, दुसऱ्याच एखाद्या एडिटरमध्ये तीच फाइल उघडा आणि संगणकावर पाठवून तिथेही पाहा. तिन्ही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर तसंच दिसलं, तर तुमची घडी बसली. साध्या मजकुराची फाइल कुठल्याच ॲपची मिंधी नसते. उद्या एडिटर महाग झाला, बंद पडला किंवा फोन बदलला, तरी ते फोल्डर उचलायचं आणि दुसरीकडे काम पुढे चालू करायचं.